भिंतीवर एक प्रश्न लावताना: वर्गातील भित्तिपत्रकांतून चिंतन आणि नागरी धैर्य

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला वर्गाच्या रिकाम्या भिंती पाहवत नाहीत. मलाही पाहवल्या नव्हत्या. पहिल्याच जूनमध्ये मी बाजारातून थोर व्यक्तींचे रंगीत तक्ते आणि सुविचारांच्या पट्ट्या आणून चारही भिंती भरून टाकल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी मुलांना डोळे मिटायला सांगून विचारले की, तुमच्या उजव्या हाताच्या भिंतीवर काय लिहिले आहे? एकालाही सांगता आले नाही. खरे सांगायचे तर त्यांतली एक पट्टी मलाही आठवली नाही. रोज दिसणारी आणि काहीच न मागणारी गोष्ट डोळ्यांना लवकरच दिसेनाशी होते, एवढा धडा मी त्या दिवशी घेतला. पुढे जे लिहिले आहे ते त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू जमत गेलेले काम आहे, आणि ते साधारणपणे सहावी ते नववीच्या वर्गांना डोळ्यांसमोर ठेवून मांडले आहे.

नागरी धैर्य म्हणजे काय, हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. आपल्या इतिहासाच्या तासिकांत शौर्याला तोटा नसतो. गड, तलवारी, लढाया आणि हौतात्म्य मुलांना तोंडपाठ असते. नागरी धैर्य त्याहून वेगळे आणि पुष्कळदा दिसायला साधे असते. आजूबाजूचे सगळे गप्प असताना, आपल्याला त्रास होईल हे ठाऊक असूनही, दुसऱ्यावर होणाऱ्या अन्यायाविरुद्ध किंवा सर्वांच्या हक्कासाठी हिंसेचा आधार न घेता उभे राहणे, असा त्याचा कामचलाऊ अर्थ धरता येईल. वर्गातल्या एका मुलाला जातीवरून किंवा रंगावरून पाडलेल्या नावाने सगळे हाक मारत असताना त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारी मुलगी हेच धैर्य दाखवत असते, फक्त त्याचा तक्ता कोणी काढत नाही.

पहिली पायरी: एकच जागा निवडा

सगळी भिंत भरू नये. फळ्याच्या बाजूची किंवा दाराशेजारची एक जागा ठरवावी आणि ती केवळ याच कामासाठी राखून ठेवावी. त्या जागेच्या आसपास दोन-अडीच फुटांत वेळापत्रक, गुणतक्ता, स्वच्छतेच्या सूचना असे काहीही नको. खिडकीच्या अगदी समोरची भिंत टाळावी, कारण लॅमिनेशन केलेल्या कागदावर उजेड चकाकतो आणि अर्ध्या वर्गाला काही वाचता येत नाही. उंची मुलांच्या नजरेच्या हिशेबाने ठरवावी, आपल्या नव्हे.

कागदासाठी बाजारात मिळणारे बावीस बाय अठ्ठावीस इंचांचे कार्डशीट पुरेसे होते. पांढऱ्या किंवा फिकट कागदावर काळी किंवा गडद निळी अक्षरे काढावीत; पिवळ्या आणि नारिंगी स्केचपेनचा मोह आवरावा. अक्षरे किती मोठी असावीत याचे सोपे माप असे की, दर दहा फूट अंतरामागे निदान एक इंच उंचीचे अक्षर धरावे. तरीही शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचून पाहावे, कारण जोडाक्षरे आणि वेलांट्या लांबून गिचमिड दिसतात. चिकटपट्टीने भिंतीचा रंग निघतो आणि मग मुख्याध्यापकांशी उगाच खटका उडतो. दोन खिळ्यांना बांधलेली सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे, आणि भिंतीला ओल धरणाऱ्या पावसाळ्यात तर तोच एक उपाय चालतो.

दुसरी पायरी: व्यक्ती नव्हे, क्षण शोधा

नवख्या शिक्षकाची सर्वांत मोठी चूक इथे होते. तो व्यक्ती निवडतो, तिचे हार घातलेले छायाचित्र मध्यभागी चिकटवतो, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा लिहितो आणि मुले त्या चित्राला मनातल्या मनात नमस्कार करून पुढे जातात. नमस्कार करून झाला की विचार करण्याची गरज उरत नाही. त्याऐवजी एखाद्या घटनेतला असा क्षण शोधावा की जिथे माणसांपुढे दोन वाटा होत्या आणि त्यांना त्यांतली एक निवडावी लागली.

महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या मुलांना नावाने माहीत असते आणि तपशिलाने बहुधा नसते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत केला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले वा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव होता. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपल्या हद्दीतले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर प्रश्न सुटला होता. तरीही तळ्यावर जाऊन पाणी घेण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेला जमलेले हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले. त्यानंतर, हे लोक आता देवळातही शिरणार आहेत, अशी अफवा गावात पसरली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. आंबेडकरांनी आपल्या लोकांना उलट हल्ला करू दिला नाही. गावातल्या सनातनी मंडळींनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा लोक जमले तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता, म्हणून तळ्यावर जाण्याचे स्थगित करण्यात आले. खटला पुढे वर्षानुवर्षे चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला.

या एका घटनेत किती क्षण आहेत ते मोजून पाहावे. ठराव होऊनही पाण्याला हात न लावण्याची वर्षे, तळ्याच्या पायऱ्या उतरण्याचा क्षण, मार खाऊन हात न उचलण्याचा क्षण, डिसेंबरमध्ये जमलेल्या समुदायाने मागे वळण्याचा क्षण, आणि काठावर उभे राहून नुसते पाहणाऱ्या गावकऱ्यांचा क्षण. प्रत्येकाचे वेगळे भित्तिपत्रक होऊ शकते, आणि एका वेळी एकच लावावे.

दुसरे उदाहरण मुलांच्या वयाला अधिक जवळचे आहे. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने मांग आणि महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेत शिकणारी मुलगी समाजाला उद्देशून लिहिते आणि ते छापले जाते, हे आजच्या आठवीतल्या मुलीला कळले की तिच्या मनात जे होते ते कोणत्याही सुविचाराने होत नाही.

हौतात्म्याच्या प्रसंगांपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नंदुरबारचा शिरीषकुमार सप्टेंबर १९४२ मध्ये गोळीबारात पडला तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता, आणि मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवे झाले. त्यांचा आदर वर्गात असावाच. पण पहिलेच भित्तिपत्रक त्यांचे असले तर मुले असा निष्कर्ष काढतात की धैर्य म्हणजे मरण, आणि ते आपल्याकडून होणार नसल्यामुळे धैर्य हा आपला विषय नाही.

तिसरी पायरी: मजकूर कमी, प्रश्न एक

भित्तिपत्रकावर तीनच गोष्टी असाव्यात: एक चित्र, दोन ओळींची खात्रीशीर माहिती आणि एक प्रश्न. चवदार तळ्यासाठी मी आंबेडकरांचे छायाचित्र लावत नाही. दगडी पायऱ्या आणि पाण्याने भरलेली एक ओंजळ, एवढेच चित्र पुरते. चित्रकला बेताची असली तरी हे जमते. खाली मजकूर असा असतो: “ठराव: १९२३. ओंजळभर पाणी: १९२७. मधल्या वर्षांत कोण कशाची वाट पाहत होते?”

प्रश्न कसा असावा, यावर सगळे अवलंबून आहे. “यातून आपण काय शिकलो?” हा प्रश्न लिहिला की मुले मार्गदर्शक पुस्तकातले उत्तर देतात: समता, बंधुता, आणि तास संपला. “तुम्ही तिथे असता तर काय केले असते?” हा प्रश्न त्याहून बरा वाटतो, पण फसवा आहे, प्रत्येक मूल सांगते की मी पाणी प्यायलो असतो. चांगला प्रश्न मुलाला सोयीची जागा घेऊ देत नाही. “त्या दिवशी काठावर उभे राहून नुसते पाहणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन काय बोलला असेल?” हा प्रश्न मी अनेकदा वापरला आहे. त्यावर मुले दीर्घकाळ गप्प होतात, कारण नुसते पाहणे त्यांना चांगले ठाऊक असते.

माहितीच्या दोन ओळी लिहिताना फार काटेकोर राहावे लागते. समाजमाध्यमांवर फिरणारी, खाली बाबासाहेबांचे किंवा सावित्रीबाईंचे नाव जोडलेली सुंदर वाक्ये कित्येकदा त्यांची नसतात. राज्य शासनाने प्रकाशित केलेल्या समग्र वाङ्मयाच्या खंडांत जे वाक्य प्रत्यक्ष सापडेल तेवढेच अवतरणात घालावे, आणि सापडले नाही तर अवतरण न घालता घटना सांगावी. विचार करायला शिकवणाऱ्या कागदावर शिक्षकानेच न तपासलेले वाक्य लिहिणे बरे दिसत नाही.

चौथी पायरी: लावल्यावर लगेच बोलू नका

सोमवारी शाळा भरण्यापूर्वी भित्तिपत्रक लावावे आणि त्याविषयी दोन दिवस अवाक्षर काढू नये. मुले आपापसांत कुजबुजतात, कोणीतरी विचारते, “सर, हे काय आहे?” त्यावर “पाहा आणि वहीत लिहून ठेवा” एवढेच सांगावे. बुधवारची एक तासिका, म्हणजे साधारण पस्तीस-चाळीस मिनिटे, यासाठी बाजूला काढावी. परिपाठात हे उरकू नये. तिथे सगळी शाळा उभी असते आणि उभ्याने, रांगेत, माईकसमोर कोणी खरे बोलत नाही.

तासिकेची पहिली तीन मिनिटे वर्गाने शांतपणे भित्तिपत्रकाकडे पाहावे. नव्या शिक्षकाला ही तीन मिनिटे फार मोठी वाटतात आणि तो दुसऱ्याच मिनिटाला बोलू लागतो; घड्याळ पाहावे, पण बोलू नये. त्यानंतर “काय दिसते?” एवढेच विचारावे, अर्थ विचारू नये. पायऱ्या किती आहेत, हात कोणाचा असेल, पाणी स्वच्छ आहे की गढूळ, अशी उत्तरे येऊ द्यावीत. मग दहा मिनिटे लेखन. या लेखनासाठी निराळी वही असावी, तिच्यात लाल शाई वापरू नये, शुद्धलेखनाच्या चुका काढू नयेत आणि ज्या मुलाला आपले पान कोणीच वाचू नये असे वाटते त्याला ते दुमडून ठेवण्याची मुभा असावी. दुमडलेले पान शिक्षकाने उघडायचे नसते, हा करार एकदा मोडला की ती वही संपली.

उरलेल्या वेळात आधी दोघादोघांत आणि मग सगळ्यांत बोलणे होते. पुढे पुढे करून हात वर करणाऱ्या चार मुलांना थोडे थांबवावे लागते. वर्गात निरनिराळी मते आली तर फळ्यावर तशीच लिहावीत. एखादा मुलगा म्हणाला की, “ठराव मागे घेतला तर मग उपयोग काय झाला?”, तर त्याला गप्प करून तात्पर्य सांगू नये. तो प्रश्न खरा आहे. १९२७ ते १९३७ ही दहा वर्षे फळ्यावर रेघ ओढून दाखवावीत आणि त्या रेघेवर काय काय लिहिता येईल ते वर्गालाच ठरवू द्यावे.

येथे एक गोष्ट निक्षून सांगतो. अशा चर्चेत दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या किंवा अल्पसंख्याक मुलाकडे वळून “तुझ्या घरचा अनुभव सांग” असे कधीही म्हणू नये. त्याने आपणहून सांगितले तर ऐकावे. सगळ्या वर्गाची नजर त्याच्यावर वळवणे हा त्याच्यावरचाच अन्याय असतो, आणि चर्चेचा रोख खरे तर ज्यांना कधी पाण्यापासून अडवले गेले नाही त्यांच्याकडे असायला हवा.

पाचवी पायरी: तळ्यापासून शाळेच्या नळापर्यंत

चिंतन वहीतच राहिले तर ते निबंधलेखन झाले. दुसऱ्या आठवड्यात त्याच भित्तिपत्रकाखाली एक कोरी पट्टी लावावी आणि तिच्यावर लिहावे: “आपल्या शाळेत कोणता नियम कागदावर आहे, पण पाळला जात नाही?” आता काय येईल याची शिक्षकाने आधीच तयारी ठेवावी, कारण उत्तरे तळ्याबद्दल येणार नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे येईल. पोषण आहाराच्या पंगतीत काही मुले आपोआप एका टोकाला बसतात, हे येईल. शिक्षण हक्क कायदा २००९ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घातली असूनही छडी चालते, हेही येईल, आणि ती छडी शेजारच्या वर्गातल्या आपल्याच सहकाऱ्याची असेल. मुलांना धैर्य शिकवायला निघालेल्या शिक्षकाची परीक्षा इथे होते, आणि या परीक्षेत मी पहिल्या वेळी नापास झालो होतो: ती पट्टी मी दुपारीच उतरवली. मुलांनी काही विचारले नाही. पुढच्या भित्तिपत्रकावर मात्र कोणी काही लिहिलेही नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांना आधी विश्वासात घ्यावे, काय येऊ शकते ते मोकळेपणाने सांगावे, आणि मग आलेल्या गोष्टींपैकी मुलांच्या आवाक्यातली एक निवडू द्यावी. कडीचा प्रश्न उत्तम असतो. तो लहान आहे, सुटू शकतो आणि त्याचा कागद कोणाकडे द्यायचा हे ठरलेले असते. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात, ही माहिती मुलांना नवीन असते. मराठीच्या तासाला पत्रलेखन शिकवलेच जाते. त्यात काल्पनिक व्यवस्थापकाला पुस्तकांची मागणी करण्याऐवजी समितीच्या अध्यक्षांना खरे पत्र लिहावे, त्यावर दिनांक टाकावा, पोच घ्यावी आणि पोच भित्तिपत्रकाशेजारी लावावी. महिनाभरात उत्तर आले नाही तर दुसरे पत्र कसे लिहायचे, हाही एक धडाच आहे.

याबरोबर तोंडी सराव हवा. मुलांना बोलायचे असते, पण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत. म्हणून वाक्ये आधीच घोळवून ठेवावीत: “त्याला त्याच्या नावाने हाक मार.” “मला हे गमतीचे वाटत नाही.” “आम्ही दोघी मॅडमना सांगायला चाललो आहोत.” तिघातिघांच्या गटात प्रसंग करून पाहावेत आणि प्रत्येकाने तिन्ही भूमिका कराव्यात, चिडवणाऱ्याची, सोसणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची. सर्वांत अवघड तिसरी असते, हे मुलांनाच कळते. एकट्याने समोर जाऊन बोलणे हा एकमेव मार्ग नव्हे, हेही सांगावे. नंतर सोसणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसणे, मोठ्या माणसाला सांगणे, तक्रारपेटीत चिठ्ठी टाकणे हीसुद्धा धैर्याचीच कामे आहेत.

सावध कुठे राहायचे

वहीत कधी कधी असे काही लिहून येते की वाचणाऱ्याचा हात थबकतो. घरात होणारी मारहाण, ठरलेले लग्न, कोणीतरी केलेला लैंगिक छळ. अशा वेळी मुलाला “धीट हो आणि बोल” असे सांगणे क्रूरपणाचे आहे. आता धैर्य दाखवण्याची पाळी मोठ्यांची असते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन विनामूल्य आहे. तो क्रमांक वर्गात कायमस्वरूपी लावावा. भिंतीवर कायम ठेवावा असा तो एकच कागद. वही सुरू करतानाच मुलांना स्पष्ट सांगावे की दुमडलेले पान मी वाचणार नाही, पण उघड्या पानावर कोणाच्या जिवाला धोका असल्याचे दिसले तर मला ते मदत करू शकणाऱ्यांना सांगावे लागेल.

चालू निवडणुका, पक्ष आणि हयात पुढारी भित्तिपत्रकावर आणू नयेत. एखाद्या पालकाने येऊन आक्षेप घेतला तर भिंतीपाशी नेऊन कागद दाखवावा, त्यावरचा प्रश्न त्यांनाच वाचू द्यावा. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेली संविधानाची उद्देशिका सोबत ठेवली तर बोलणे सोपे जाते, कारण प्रश्न तिथूनच आलेला असतो.

सहावी पायरी: वेळेवर उतरवा

तीन आठवड्यांनी भित्तिपत्रक उतरवावे, ते कितीही सुंदर झाले असले तरी. मध्ये एक आठवडा जागा रिकामी राहू द्यावी. तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून क्षण निवडण्याचे आणि प्रश्न लिहिण्याचे काम पाच-पाच मुलांच्या गटाकडे सोपवावे; शिक्षकाने फक्त तारखा आणि नावे तपासावीत. मुले आपल्या गावातला क्षण शोधून आणतात तेव्हा फार मजा येते, पण हयात व्यक्तीचे नाव किंवा फोटो त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय लावू नये.

याला गुण देऊ नयेत. शिक्षकाने स्वतःसाठी एक छोटी नोंदवही ठेवावी आणि तिच्यात बारीकसारीक गोष्टी टिपाव्यात: कोणी पहिल्यांदा बोलले, पंगतीत कोण कोणाशेजारी बसले, मधल्या सुट्टीत कोणते टोपणनाव ऐकू येईनासे झाले. वर्षाच्या मध्यावर काहीच बदललेले दिसणार नाही, आणि एखादे वर्ष अखेरपर्यंतही दिसणार नाही.

उतरवलेला कागद फेकू नये. त्याच्या मागच्या बाजूला इयत्ता, लावल्याचा दिनांक आणि त्या तासिकेत मुलांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहावेत, मग चित्राची बाजू आत घेऊन गुंडाळी करावी आणि कपाटात कसर लागू नये म्हणून सोबत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. पुढच्या वर्षी तेच भित्तिपत्रक लावायचे झाले, तर आधी मागची बाजू वाचावी. पुष्कळदा नव्या वर्गासाठीचा प्रश्न तिथे लिहिलेला सापडतो.